टायपिस्टबाईंचा बाजार

उद्योजकता शिकवणाऱ्या सरांनी जन्मात एक काडेपेटीही विकली नव्हती. हे टायपिस्टबाईंचं मत नव्हे, ही माहिती होती. सरांच्या नोकरीच्या फायलीतलं पान न् पान बाईंनीच टाइप केलेलं होतं. आधी त्या कॉलेजात विद्यार्थी, मग त्याच कॉलेजात शिक्षक, आणि मधे दोन महिने काविळीने घरी. एवढ्या अनुभवाच्या जोरावर हा गृहस्थ टाय लावून पोरांना धंदा शिकवायचा. वर म्हणायचा, बाजार पुस्तकातून कळत नाही, तो खेळून बघावा लागतो.

त्यांचा तो खेळ असा. वर्गाच्या आठ कंपन्या करायच्या, एकेका कंपनीत चार-पाच पोरं. सगळ्यांनी छत्र्या बनवायच्या, अर्थात कागदावर. छत्री कितीला विकणार, जाहिरात काय करणार, कामगार किती ठेवणार, हे दर पंधरा दिवसांनी एका फॉर्मवर लिहून द्यायचं. मग कॉम्प्युटर सांगणार, कोणाच्या किती छत्र्या खपल्या. अशा आठ फेऱ्या. शेवटी जी कंपनी वर राहील तिला प्रमाणपत्र, टाळ्या, आणि प्राचार्यांबरोबर फोटो.

पहिल्या वर्षी कॉम्प्युटरमध्ये खरोखरच तसा प्रोग्रॅम होता. वर्षभराने त्याची मुदत संपली आणि संस्थेने पुन्हा घ्यायला नकार दिला. तोवर माहितीपत्रकात 'संगणकीय बाजारपेठ' असं ठळक अक्षरांत छापून झालं होतं. सर आठ फॉर्म घेऊन ऑफिसच्या खिडकीशी घुटमळले आणि म्हणाले, बाई, गेल्या वर्षीच्या निकालासारखं दिसेल असं काहीतरी टाइप करून द्याल का? बाईंनी विचारलं, आकडे कुठून आणू? सरांनी एक कागद पुढे सरकवला, त्यावर एक सूत्र होतं. बाईंनी ते लावून बघितलं तर आठही कंपन्यांना सारखाच नफा. असला बाजार त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला आणि आपल्या मनाने निकाल टाइप केला. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला, सिस्टीमचा निकाल म्हणून. आकडे कुठून आले, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरच्या अकरा वर्षांतही विचारलं नाही. तेव्हापासून त्या कॉलेजातला बाजार म्हणजे टायपिस्टबाई.

आणि बाईंना बाजार कळत नाही असं म्हणायची कोणाची छाती होती? त्यांच्या वडिलांचं खिळ्यांचं, बिजागऱ्यांचं आणि कड्याकोयंड्यांचं दुकान होतं. शाळा सुटली की बाई गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून गृहपाठ करायच्या. दार कसं करकरतंय याचं नुसतं वर्णन ऐकून वडील सांगायचे, कोणती बिजागरी लागेल. आणि ज्याला ते वर्णन धड करता यायचं नाही त्याचा चारचौघांत पाणउतारा करायचे. घ्यायचं तर घ्या, नाहीतर पुढचं दुकान बघा. लोकांनी पुढचं दुकान बघितलं. बाई एकोणीस वर्षांच्या असताना वडिलांनी गाशा गुंडाळला आणि बाई टायपिंगच्या क्लासला जाऊ लागल्या. दुकान का बुडालं, याचं उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. गिऱ्हाईक मूर्ख होतं, दुसरं काय!

आता त्या स्वतःच गिऱ्हाईक झाल्या होत्या, हजारो छत्र्यांचं एकगठ्ठा गिऱ्हाईक, आणि कोणाचीही भीड ठेवत नव्हत्या. फॉर्मवर चहाचा डाग दिसला की त्या कंपनीचा माल डागाळलेला निघून परत यायचा. फॉर्म चुरगळलेला आला की गोदामात पाणी शिरायचं. दारातूनच 'ओ, झालं का?' म्हणून ओरडणाऱ्या एका दिवट्याच्या कामगारांनी त्याच आठवड्यात संप केला. 'स्ट्रॅटेजी', 'आक्रमक धोरण' असले शब्द दिसले की बाईंचं डोकंच सणकायचं. एकाने लिहिलं, आम्ही ग्राहकाच्या मनावर राज्य करू. कर बाबा कर, म्हणाल्या बाई, आणि त्याच्या नऊशे छत्र्या पहिल्याच वाऱ्यात उलट्या करून टाकल्या. जुन्या निकालाच्या ढाच्यात तारीख-वार घालून त्या हे इतकं बेमालूम टाइप करायच्या की पोरं त्यावर डोकेफोड करत बसायची, आलेख काढायची. वारा का सुटला याचं अर्थशास्त्रीय कारण सर फळ्यावर पाऊण तास समजावत होते, आणि बाई व्हरांड्यात उभ्या राहून ते ऐकत होत्या. त्या दिवशी त्यांना जेवण भारी गोड लागलं.

घरी नवरा होता, पाणीखात्यात मीटर वाचता वाचता निवृत्त झालेला. बाई त्याला संध्याकाळी फॉर्म वाचून दाखवायच्या, नकला करून. हा बघ, शेंबूड पुसता येत नाही आणि निर्यात करायला निघालाय. नवरा हसायचा तिथे हसायचा आणि पेपर उलटायचा. असं मजेत चाललं होतं.

यंदाच्या पाचव्या कंपनीत चौघे होते, पण तिघे नुसते नावाला. सगळं काम एकटी मुलगी ओढायची. पहिल्या दोन फेऱ्यांत बाईंनी तिला मधेच कुठेतरी ठेवलं होतं, सुधारेल तर सुधारेल म्हणून. तिसऱ्या फेरीला ती स्वतः फॉर्म द्यायला आली. फॉर्मला घडी नाही, डाग नाही, अक्षर टपोरं. त्यात लिहिलं होतं, छत्रीची काडी मोडली तर आम्ही बदलून देऊ. बस्स, एवढंच! बाईंना वाटलं, चला, अकरा वर्षांत एक तरी माणूस सापडलं. मुलगी खिडकीशी थांबायची, घाई करायची नाही, आणि जाताना विचारायची, बाई, मान दुखते का हो तुमची? मान दुखायचीच. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या हे ध्यानात आलं नव्हतं. पाचव्या फेरीच्या वेळी तिने खुर्चीला टेकवायला एक छोटी उशी शिवून आणली. बाईंनी ती मागे लावली आणि पाचव्या कंपनीच्या छत्र्या अशा खपवल्या की बाकी सात कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आठवी फेरी संपली तेव्हा मुलगी कितीतरी पुढे होती.

निकालानंतर तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, ती पुन्हा खिडकीशी आली. शेवटच्या निकालाच्या कागदावर कॉलेजचा शिक्का हवा होता. बाईंनी सहज विचारलं, कशाला गं? आणि मुलगी सांगू लागली.

तिची आत्या तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. उठून बसता न येणाऱ्या माणसाला कपडे घालणं म्हणजे घालणाऱ्याच्याही नाकी नऊ. म्हणून मुलगी तिच्यासाठी पाठीमागून उघडणारे, कुशीला नाड्या असलेले झगे शिवायला लागली होती. आत्या गेली, पण तसे झगे मागणारे शेजारपाजारचे दोघेतिघे निघाले. आता तिला तेच करायचं होतं. हॉस्पिटलच्या फाटकासमोर एक गाळा बघून ठेवला होता. इकडे विमा कचेरीतल्या नोकरीचं पत्र आलं होतं, सोमवारी हजर व्हा म्हणून. न गेल्यास जागा दुसऱ्याला. वडील महिनोन्महिने नाही म्हणत होते. मग त्यांनी प्रमाणपत्र बघितलं आणि विरघळले. म्हणाले, कॉम्प्युटरने एवढ्या पोरांतून तुला निवडलं, मग नाही म्हणणारा मी कोण? त्यांना तो कागद शिक्क्यासकट फ्रेम करून घरात लावायचा होता.

बाईंनी शिक्का मारला, तो तिरका उमटला. पुन्हा मारला. मुलगी आभार मानून गेली. आजवर त्यांनी बुडवल्या त्या कागदी कंपन्या. पोरं चार दिवस तोंड पाडून बसली आणि विसरून गेली. इथे मात्र एका जित्याजागत्या मुलीच्या बापाने बाईंच्या लहरीला देववाणी मानलं होतं, आणि सोमवारी पोरीच्या हातची नोकरी जाणार होती. धंदा बुडला तर ती ना इकडची राहणार ना तिकडची. आणि ती जिंकली होती कशावर, तर बाईंच्या मानेवर. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली. पण लाजेची सवय नसल्यामुळे त्या आधी सरांवर चिडल्या.

शुक्रवारी त्या सरांच्या खोलीत गेल्या. सर पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकावर टाकायला पाचव्या कंपनीच्या मुलीचा फोटो निवडत होते. बाईंनी सगळं सांगितलं, सूत्र कधीच फेकून दिलं होतं इथपासून. सरांना धक्का वगैरे काही बसला नाही. ते फोटोच मागेपुढे करत राहिले. मग टायची गाठ सारखी करत म्हणाले, "बाई, आपण शिकवतो. चालवायचं कसं ते त्यांचं ते बघतील." त्यात आणखी एक पुस्ती जोडली, की बोभाटा झालाच तर टाइप कोणी केलं हेही विचारलं जाईल, आणि तुम्हाला निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत. धमकीसुद्धा धड देता येत नव्हती मेल्याला, आवाज चिरकला. बाईंनी त्या माणसाकडे नखशिखान्त बघितलं आणि बाहेर आल्या. आपणही अकरा वर्षं मूग गिळून बसलो होतो, हे त्यांना जिना उतरताना आठवलं आणि तो विचार त्यांनी घाईघाईने झटकला.

शनिवारी नवऱ्याने विचारलं, आज कोणाची नक्कल नाही का? बाईंनी त्यालाही सांगितलं. त्याने पेपराची घडी घातली. मग म्हणाला, बुडवायला तुला कधी एवढा वेळ लागला नव्हता. बाईंना राग आला, पण रविवारी सकाळी त्या चप्पल घालून हॉस्पिटलच्या रस्त्याला लागल्या.

गाळा अगदीच छोटा होता. शटर अर्धवट वर केलेलं, आत नव्या रंगाचा वास, एक शिलाई मशीन, एक स्टूल. मुलगी भिंतीला हूक ठोकत होती आणि पहिला झगा दर्शनी खिळ्याला लावून झाला होता. बाईंना बघून ती खूश झाली, स्टूल पुसून दिलं. बाई बसल्या नाहीत. बसलं तर बोलता येणार नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. कॉम्प्युटर नव्हताच. बाजार म्हणून जे काही होतं ते मी होते. तुझं अक्षर चांगलं, तू मानेची चौकशी केलीस, म्हणून तुझ्या छत्र्या खपल्या. बाकी त्या जिंकण्याला काडीचा अर्थ नाही. उद्या गुपचूप नोकरीवर जा.

मुलीने हातोडी खाली ठेवली. "मला माहीत आहे, बाई," ती म्हणाली.

बाईंना वाटलं, हिला नीट कळलं नाही. पण तिला सगळं कळलेलं होतं आणि ते ती शांतपणे सांगत होती. दुसऱ्या फेरीच्या निकालात एका कंपनीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'गिऱ्हाईक वैतागून निघून गेलं.' बाकी पोरं त्या वाक्यावरून मागणीचा आलेख काढत बसली. हिला प्रश्न पडला, कॉम्प्युटर वैतागेल कसा? मग तिच्या लक्षात आलं, बाई रजेवर गेल्या की निकालही रखडतो. ती खिडकीशी येऊन बघून गेली. ज्यांचे फॉर्म मळलेले, त्यांचाच माल डागाळतो, हे तिने ताडलं. मोठमोठे शब्द बाईंना खपत नाहीत, म्हणून ते गाळले. सगळा वर्ग कॉम्प्युटरसाठी लिहीत होता आणि ती एकटी बाईंसाठी लिहीत होती.

बाईंची कानशिलं तापली. म्हणजे अकरा वर्षं ज्या बाजाराने भल्याभल्यांना पाणी पाजलं, त्याला या चिमुरडीने खिशात घातलं होतं! फसवल्या जाणाऱ्या माणसांची त्यांनी आयुष्यभर टर उडवली होती. आता त्यांचं स्वतःचंच हसं झालं होतं, आणि तेही फुकटात, एका उशीवर.

"म्हणजे माझ्या मानेची विचारपूस करायचीस ती..."

"सुरुवातीला त्यासाठीच," मुलगी म्हणाली. तिने मान खाली घातली नाही, पण तिचा चेहरा लाल झाला. "नंतर सवय लागली."

बाईंना तिला चांगली फैलावर घ्यायची होती. पण त्या एवढंच म्हणाल्या, की सगळं ठाऊक होतं तर बापाला का नाही सांगितलंस? मुलगी म्हणाली, सांगितलं असतं तर त्यांनी हो म्हटलं नसतं. मग तिचा सगळा धीटपणा एकदम ओसरला आणि ती त्याच स्टुलावर बसली. चार दिवस तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. नोकरीचं पत्र तिने अजून फाडलं नव्हतं, ते तिच्या पर्समध्ये होतं. बाबांना काय, फ्रेम मिळाली. सर तर फोटो काढून मोकळे झाले. खरं सांगणारं कोणी नव्हतं.

"तुम्हीच सांगा, बाई. एवढ्या कंपन्या तारल्यात, एवढ्या बुडवल्यात. हे चालेल?"

बाईंनी तोंड उघडलं. उत्तर त्यांच्याकडे नेहमीच तयार असायचं, टाइप करायचाच काय तो अवकाश. एवढ्यात शटरखाली वाकून एक मध्यमवयीन माणूस आत डोकावला. हातात औषधांची पिशवी, दाढी वाढलेली. दुकान उघडलं का म्हणून विचारलं आणि तसाच आत आला. खिळ्याला लावलेला झगा त्याने हातात घेतला, उलटा केला, नाड्या ओढून बघितल्या, बाहीत हात घालून बघितला. वडिलांसाठी हवाय, म्हणाला. मुलगी उभी राहिली, पण ती काही बोलायच्या आत त्याने झगा परत खिळ्याला अडकवला. बघतो, म्हणाला, आणि आला तसा वाकून निघून गेला.

दोघी त्या खिळ्याकडे बघत राहिल्या.

"का गेला हो?" मुलीने हळूच विचारलं.

खरं तर हा बाईंचा हातखंडा प्रश्न. गिऱ्हाईक का गेलं याची शेकडो कारणं त्यांनी आजवर टाइप केली होती. डाग असेल? झग्यावर डाग नव्हता. मुलगी उर्मटपणे बोलली? ती तर बोललीच नव्हती. मग मूर्ख असेल. पण तो माणूस मूर्ख दिसत नव्हता. थकलेला दिसत होता, आणि त्याने बाहीत हात दोनदा घालून बघितला होता. बाईंनी पुष्कळ डोकं खाजवलं. कॉलेजच्या ऑफिसात बसून जे त्यांना एका मिनिटात सुचायचं ते इथे सुचेना.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. बाईंना वाटलं, आता ही रडणार आणि पर्समधून पत्र काढणार. पण ती चपलासुद्धा न घालता शटरखालून सुटली आणि रस्त्याकडे पळाली. बाई वाकून बघू लागल्या. फाटकापाशी तिने त्या माणसाला गाठलं होतं. रिक्षा मधे आली, गेली. तो आधी कावराबावरा झाला, मग पिशवी खाली ठेवून हात हलवत काहीतरी दाखवू लागला. मुलगी ऐकत होती. मधूनच स्वतःचा हात त्याच्यासारखा धरून बघत होती. बराच वेळ ती दोघं तिथे उन्हात उभी होती.

ती धापा टाकत परत आली. त्याच्या वडिलांचा डावा हात उचलत नाही, ती म्हणाली, बाही अख्खी उघडायला हवी, खांद्यापासून मनगटापर्यंत. संध्याकाळी पुन्हा इकडूनच जाणार आहेत. एवढं बोलून तिने झगा खाली काढला, मशीनवर पसरला आणि डावी बाही उसवायला घेतली. आपण बाईंना काही विचारलं होतं, हे ती विसरूनही गेली होती.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. अकरा वर्षांत अठ्ठ्याऐंशी कंपन्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि त्याआधी स्टुलावर बसून त्यांनी वडिलांचं आख्खं दुकान रिकामं होताना बघितलं होतं. तेवढ्या काळात जाणाऱ्या माणसाच्या मागे कोणी एकदाही धावलं नव्हतं. ना त्यांचे वडील, ना त्या.